गेटवर कार्ड परत दिल्यानंतर: वरिष्ठ पदावरून नोकरी बदलताना लोकांच्या लक्षात कसं राहायचं

चाकणच्या ज्या कारखान्यात मी प्लांट हेड होतो, तिथे शेवटच्या दिवशी तीन वस्तू परत केल्या: ओळखपत्र, लॅपटॉप आणि मोबाइलचं सिमकार्ड. विलीनीकरणानंतर दोन प्लांट एकाच प्रमुखाकडे गेले आणि माझं पद उरलं नाही. वय ५२. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, रोज पहिल्या पाळीचा रिपोर्ट यायचा त्या वेळी, फोन वाजला नाही.

पुढचे दोन महिने मी कुणालाच काही सांगितलं नाही. काम चोख केलंय, माणसं ओळखतात, कुणीतरी आपणहून विचारेल, असं मनात होतं. मग कर्वेनगरला एका लग्नात जुने व्हेंडर भेटले. जेवणाच्या रांगेत म्हणाले, "साहेब, मागच्याच महिन्यात रांजणगावच्या एका कंपनीने मला प्लांट हेडसाठी नाव विचारलं होतं. तुम्ही आहात तिथेच आहात असं धरून मी दुसऱ्याचं दिलं."

त्या जेवणाची चव मला आठवत नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट समजली. ज्यांच्या हातात माझं नाव सुचवणं होतं, त्यांना मी मोकळा आहे हेच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तरी मला कशासाठी सुचवायचं हे त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं की नाही, याची मला खात्री नाही.

वीस-पंचवीस वर्षं एकाच ठिकाणी काढलेल्या जीएम, व्हीपी, प्लांट हेड, फायनान्स हेड अशा मंडळींसाठी हा लेख आहे. शेवटचा बायोडेटा कधी लिहिला होता हेही ज्यांना आठवत नाही, अशांसाठी. उदाहरणं पुण्याच्या वाहन उद्योगातली आहेत, कारण मला तेच जग माहीत आहे. बँकेतल्या किंवा आयटीतल्या माणसाने तपशील आपल्यापुरते बदलून घ्यावेत.

पहिली पायरी: निघण्याआधीची आवराआवर

वरिष्ठांचा नोटीस पिरियड बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांचा असतो. तो हँडओव्हरच्या मीटिंगांमध्येच संपतो आणि स्वतःची कामं राहून जातात. त्यातली काही नंतर होतच नाहीत.

सर्वांत आधी मोबाइल नंबर. बारा-पंधरा वर्षं ज्या नंबरावर लोकांनी तुम्हाला फोन केले, तो बहुधा कंपनीच्या नावावर असतो. तो स्वतःच्या नावावर करून मिळावा यासाठी राजीनाम्याच्या पहिल्याच आठवड्यात लेखी विनंती करा. बऱ्याच कंपन्या परवानगी देतात, फक्त मागावी लागते आणि वेळ लागतो. मी मागितली नाही. माझ्या जुन्या नंबरावर आता दुसराच कुणीतरी अधिकारी बोलतो.

दुसरं, लिंक्डइनचं खातं कंपनीच्या ईमेलवर उघडलेलं असेल, तर आजच खासगी ईमेल जोडून तो मुख्य करून ठेवा. कंपनीचा ईमेल बंद झाला आणि पासवर्ड विसरलात, तर खातं परत मिळवणं फार जिकिरीचं होतं. बँक, पॅन आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींतला मोबाइल नंबरही याच वेळी बदला.

तिसरं, आकडे आठवताहेत तोवर लिहून काढा. कुठल्या वर्षी लाइनची कार्यक्षमता किती होती आणि किती झाली, ग्राहकाकडून परत येणारा माल दहा लाखांमागे किती नगांवरून कितीवर आला, किती माणसं हाताखाली होती, किती रुपयांचं बजेट होतं. हे सगळं आपल्या वहीत, आपल्या हाताने. कंपनीच्या फायली, ड्रॉइंग, किमतींचे तक्ते, ग्राहकांच्या याद्या पेनड्राइव्हवर घेऊन निघू नका. ते चूक आहेच, शिवाय नेमणूकपत्रातल्या गोपनीयतेच्या कलमाचा भंगही आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर जाहीर न झालेले निकाल, येऊ घातलेली ऑर्डर, विलीनीकरणाची बोलणी याबद्दल मुलाखतीतही अवाक्षर काढायचं नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे, म्हणजे आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार करण्याविरुद्धचे, नियम नोकरी सोडल्याने संपत नाहीत.

नेमणूकपत्र या निमित्ताने पुन्हा वाचा. 'सोडल्यानंतर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही' असं कलम पाहून अनेक जण घाबरून बसतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, आणि नोकरी सुटल्यानंतरच्या अशा बंदीला न्यायालयं सहसा मान्यता देत नाहीत. गोपनीयतेचं बंधन मात्र कायम राहतं. रक्कम मोठी असेल किंवा वेगळा करार केलेला असेल, तर वकिलाला एकदा दाखवा.

आणि रेफरन्स. वरचा एक, बरोबरीचा एक, हाताखालचा एक आणि बाहेरचा, म्हणजे ग्राहक किंवा व्हेंडर, एक. या चौघांना निघण्यापूर्वी समोर बसून विचारा, "माझ्याबद्दल कुणी विचारलं तर सांगाल ना?"

दुसरी पायरी: तुमची आठवण कशासाठी यावी

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर घालवा. मी जवळजवळ तीन आठवडे घालवले आणि तेवढे लागले.

कंपनीत असताना ही अडचण येत नाही. कार्डावरचं कंपनीचं नाव आणि खालचं पद आपली ओळख करून देतं. ते कार्ड गेलं की उरतं 'सत्तावीस वर्षांचा अनुभव'. अनुभव सगळ्यांकडेच असतो. 'परिणामकारक नेतृत्व', 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' असल्या शब्दांनी कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही.

वहीचं एक पान घ्या आणि गेल्या दहा वर्षांत लोकांनी तुम्हाला अडचणीत कधी बोलावलं, असे दहा प्रसंग लिहा. पदाने आलेली कामं नकोत. "जरा येऊन बघता का" असं म्हणून बोलावलं ते प्रसंग. माझ्या दहापैकी सहा प्रसंगांत एकच गोष्ट होती: नवीन मॉडेलचं उत्पादन सुरू होताना गोंधळ उडालेला असायचा, ग्राहकाची लाइन थांबायची वेळ आलेली असायची, आणि मला तिथे पाठवलं जायचं. मला स्वतःलाच हे तोवर दिसलं नव्हतं. त्यातून वाक्य आलं:

'नवीन मॉडेल सुरू होताना अडखळलेला प्लांट मी सहा ते नऊ महिन्यांत वेळेवर माल देण्याच्या स्थितीत आणतो. असं चार वेळा केलं आहे.'

हे वाक्य व्हेंडरच्याही तोंडी बसतं. त्याला कुणी विचारलं तर तो मराठीत, हिंदीत, जमेल तसं हेच सांगेल. वाक्य बरोबर झालंय का, हे तपासायची माझी रीत अशी: ज्याला आपल्या धंद्यातलं काही कळत नाही अशा एखाद्या नातेवाइकाला ते सांगा आणि दोन दिवसांनी विचारा, मी काय करतो? मावशीला सांगता आलं, तर जमलं.

इथे मराठी माणसाची एक अडचण येते आणि ती खरी आहे. स्वतःची टिमकी वाजवू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. म्हणून आपण मुलाखतीतही "आम्ही केलं, टीमने केलं" असंच म्हणत राहतो. समोरच्याला कळत नाही की यात या माणसाने नेमकं काय केलं. मी असा तोडगा काढला: निर्णय सांगताना 'मी', अंमलबजावणी सांगताना 'आम्ही'. "दुसरी पाळी दोन महिने बंद ठेवून माणसांना प्रशिक्षण द्यायचं मी ठरवलं. ते प्रशिक्षण आमच्या तीन सुपरवायझरांनी उभं केलं." यात फुशारकी नाही आणि खोटा विनयही नाही. ज्याचं श्रेय त्याला मिळतं.

आकडा सांगितलात तर तो जुन्या साहेबांसमोरही सांगता आला पाहिजे. पुण्याचं औद्योगिक वर्तुळ लहान आहे. भोसरीत बोललेलं चार दिवसांत चाकणला पोचतं.

तिसरी पायरी: "का सोडलं?" याचं उत्तर

दोन वाक्यांचं, आणि सगळीकडे एकच. मुलाखतीत एक, बॅचमेटला दुसरं आणि सोसायटीत तिसरं, असं झालं की माणूस ताणाखाली येतो आणि ते दिसतं. माझं उत्तर होतं: "विलीनीकरणानंतर दोन प्लांट एका प्रमुखाखाली गेले आणि माझं पद संपलं. आता मी नवीन मॉडेल उभं करण्याची जबाबदारी असलेलं काम शोधतोय." पहिलं वाक्य मागचं, दुसरं पुढचं. मध्ये श्वास घ्यायचा, खुलासे द्यायचे नाहीत.

जुन्या कंपनीबद्दल तक्रार असेल तर ती एखाद्या जिवलग मित्रापाशी मनसोक्त काढा आणि तिथेच ठेवा. हेच उत्तर घरातल्यांनाही सांगा. माझ्या बायकोला मैत्रिणींनी विचारलं तेव्हा काय बोलावं ते तिला कळलं नव्हतं, कारण मी तिच्याशी तेवढं बोललोच नव्हतो. याची मला आजही रुखरुख आहे.

चौथी पायरी: लिंक्डइन आणि नोकरीची पोर्टलं

हे काम दोन दिवसांत होतं, त्यामुळे त्याला फार मोठं करू नका.

बदल सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन, प्रोफाइलमधल्या बदलांची सूचना ओळखीच्यांना जाणं बंद करा. नाहीतर तुम्ही तारीख दुरुस्त करता आणि पन्नास जण अभिनंदन करतात. नावाखालची ओळ २२० अक्षरांपर्यंत लिहिता येते. तिथे पदाबरोबर दुसऱ्या पायरीतलं वाक्य आटोपशीर करून टाका. 'माझ्याविषयी' या भागात २,६०० अक्षरं मावतात, पण पूर्ण मजकूर उघडण्याआधी फक्त सुरुवातीच्या ओळी दिसतात. सगळ्यात जड गोष्ट तिथेच हवी. इंग्रजी साधं ठेवा. फोटो अलीकडचा, चेहरा स्पष्ट; मुलीच्या लग्नातला कापून घेतलेला नको. गावाचं नाव नीट भरा, कारण शोधणारे गावानुसार चाळतात.

'ओपन टू वर्क' या सोयीचे दोन प्रकार आहेत. एकात फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि सगळ्यांना दिसते. दुसऱ्यात फक्त भरती करणाऱ्यांना दिसतं. नोकरी अजून चालू असेल तर दुसरा प्रकार निवडा, पण त्यावर विसंबू नका: तुमच्याच कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ते लपवायचा प्रयत्न होतो, पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही. हिरव्या पट्टीबद्दल मतं वेगवेगळी आहेत. माझ्या मते वरिष्ठ पदासाठी तिची गरज नाही, कारण त्या पदांची बोलणी फोनवर होतात.

नोकरी सुटली असेल तर शेवटची तारीख खरी टाका. अजून तिथेच असल्यासारखं ठेवणं पहिल्याच चौकशीत उघडं पडतं. एकही ग्राहक नसताना 'स्वतंत्र सल्लागार' लिहिणंही तसंच. नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवरचा बायोडेटा दर आठवड्याला थोडा तरी अद्ययावत करा. अलीकडे अद्ययावत केलेले बायोडेटा भरती करणाऱ्यांच्या नजरेत लवकर येतात.

पाचवी पायरी: साठ माणसांची यादी

१९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं होतं: ज्याने माहिती दिली, त्याला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? 'नेहमी' म्हणणारे १६.७ टक्के निघाले. 'अधूनमधून' ५५.६ टक्के, 'क्वचित' २७.८ टक्के. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. लांबच्यांकडे वेगळी बातमी असते. २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांतही मध्यम-सैल ओळखीच नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोगी ठरल्या. लग्नातले माझे व्हेंडर त्याच वर्गातले.

म्हणून यादी करताना रोजच्या गप्पांतले मित्र वगळून सुरुवात करा. जुने व्हेंडर, ग्राहकाकडचे क्वालिटीवाले, ऑडिटला येणारे, मशीन विकणारे, तुमच्याकडे ट्रेनी म्हणून आलेले आणि आज कुठेतरी हेड असलेले, कॉलेजची बॅच. मी सांगलीच्या वालचंदचा. आमच्या बॅचचे लोक होसूरपासून सानंदपर्यंत पसरलेले आहेत हे मला यादी करताना उमगलं. साठ नावं झाली की थांबा. रोज तीन फोन, चौथा नाही. तीन फोन मनापासून होतात.

फोनवर नोकरी मागू नका. समोरच्याच्या हातात नोकरी नसते, मग तो अवघडतो आणि फोन आवरता घेतो. माझं बोलणं साधारण असं असायचं:

"देशपांडे साहेब, नमस्कार. बऱ्याच वर्षांनी फोन करतोय. मी मार्चमध्ये कंपनी सोडली, विलीनीकरणात पद गेलं. नवीन मॉडेल उभं करायचं काम मी आजवर करत आलोय आणि तेच पुढे करायचंय. तुमच्या भागात सध्या कोण नवीन लाइन टाकतंय, एवढं जाणून घ्यायचं होतं. पंधरा मिनिटं कधी देऊ शकाल?"

कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण, हे आधी विचारायचंच. त्याची घाई करायची नाही. निघताना, "अजून कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?" हा एक प्रश्न. माझी साठाची यादी या प्रश्नाने नव्वदवर गेली. बोलून झाल्यावर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा व्हॉट्सअॅप: आभार, आणि आपलं वाक्य. ते पुढे पाठवायला त्याला सोपं जातं.

बॅचच्या ग्रुपवर बायोडेटा टाकून 'प्लीज हेल्प' लिहू नका. दोनशे जण हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघेल. त्यापेक्षा त्यातल्याच दहा जणांना एकेकट्याने फोन करा.

सहावी पायरी: हेडहंटर

वरच्या पदांसाठी कंपन्या कॉर्न फेरी, एगॉन झेंडर, स्पेन्सर स्टुअर्ट यांसारख्या संस्थांना किंवा शहरातल्या छोट्या कन्सल्टंटांना काम देतात. त्यांची फी कंपनी भरते, म्हणून ते कंपनीसाठी माणूस शोधतात, तुमच्यासाठी नोकरी नाही. हे कळलं की राग येत नाही. तुमच्या क्षेत्रात काम करणारे आठ-दहा जण शोधा, छोटा ईमेल पाठवा: वाक्य, सध्याचा किंवा शेवटचा पगार, कुठे जायची तयारी आहे. मग दर सहा आठवड्यांनी एकदा आठवण. आपल्याला न जमणाऱ्या जागेसाठी त्यांनी फोन केला तर योग्य माणसाचं नाव सुचवा. असं नाव देणाऱ्याला ते विसरत नाहीत.

नोकरी लावून देतो म्हणून नोंदणीचे, कागदपत्रांचे, 'प्रोफाइल प्रमोशन'चे पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. परदेशातलं मोठं पद आणि आधी डिपॉझिट, असा ईमेल आला तर तो सरळ फसवणुकीचा धरा.

सातवी पायरी: काम करताना दिसणं

फोनवर आठवण करून देता येते. विश्वास मात्र काम बघूनच बसतो, आणि नोकरी नसतानाही काम दाखवायच्या जागा आहेत.

पुण्यात १९३४ पासून चालू असलेलं मराठा चेंबर आहे, सीआयआय ही उद्योगांची संघटना आहे, एसएई इंडिया या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचे कार्यक्रम आहेत, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचा वाहन तंत्रज्ञानाचा परिसंवाद आहे. अशा ठिकाणी मागच्या रांगेत बसून कार्डं वाटण्याने फारसं होत नाही. एखाद्या समितीत काम मागा, लघुउद्योजकांसाठी दोन तासांचं सत्र घेतो म्हणून सांगा. मी 'नवीन भाग सुरू करताना पहिल्या नव्वद दिवसांत होणाऱ्या चुका' यावर बोललो. समोर बावीस जण होते. त्यांतल्या एका भोसरीच्या उद्योजकाने दुसऱ्या दिवशी कारखान्यात बोलावलं आणि सहा आठवड्यांचं काम दिलं. असं काम घेताना कामाची व्याप्ती, फी आणि शेवटची तारीख एका पानावर लिहून घ्या, बिल द्या. सेवांसाठी वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आता प्रोफाइलवर 'सल्लागार' लिहिलंत तरी ते खरं असतं.

शिकवायची आवड असेल तर यूजीसीने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची, म्हणजे उद्योगातल्या अनुभवी माणसाने उच्च शिक्षण संस्थेत शिकवण्याची, वाट मोकळी केली आहे. किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पीएचडी लागत नाही. पगार प्लांट हेडचा नसतो, पण विद्यार्थी, त्यांचे प्रोजेक्ट आणि त्या निमित्ताने येणारे उद्योजक यांच्यात माणूस ताजा राहतो.

स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळावरचा बाहेरचा सदस्य, होण्याची इच्छा अनेकांना असते. त्यासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सच्या डेटाबँकमध्ये नाव नोंदवावं लागतं आणि ज्यांना सूट नाही त्यांना दोन वर्षांच्या आत ऑनलाइन चाचणी ५० टक्के गुणांनी पास करावी लागते. ज्या कंपनीत आधीच्या तीन आर्थिक वर्षांत नोकरी केली, तिथे स्वतंत्र संचालक होता येत नाही. नाव नोंदवलं म्हणजे बोलावणं येतं असंही नाही. ही वाट लांबची आहे. घराचा हप्ता तिच्यावर अवलंबून ठेवू नका.

लिहिणं जमत असेल तर दहा दिवसांतून एकदा लिंक्डइनवर दीडशे-दोनशे शब्द लिहा. एकच प्रसंग, एकच शिकवण, कंपनीचं आणि माणसांचं नाव न घेता. पावसाळ्यात रबरचे भाग का नाकारले जात होते आणि गोदामातल्या ओलीचा पत्ता कसा लागला, यावर मी लिहिलं. लाइक मोजके आले. पण फरिदाबादहून एका क्वालिटी हेडचा फोन आला आणि आम्ही तासभर रबरावर बोललो. सुविचार आणि उगवत्या सूर्याचे फोटो टाकून असा फोन येत नाही.

आठवी पायरी: आठवड्याची वही

मधला काळ किती चालेल ते आपल्या हातात नसतं. माझा सात महिने चालला. म्हणून रोजचा साचा हवा. सकाळी साडेसातला मी टेबलाशी बसायचो, त्याच जुन्या वेळी. सोमवार ते गुरुवार फोन आणि भेटी, शुक्रवारी वही: कुणाशी बोललो, काय म्हणाला, पुन्हा कधी बोलायचं. दुपारनंतर घरची कामं, संध्याकाळी टेकडी. एखादा आठवडा पूर्ण कोरडा जातो. त्या आठवड्यातही तीन फोनांचा नेम मोडू नका, आणि मन फारच खचत असेल तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. मी बोललो होतो.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात यादीतल्या प्रत्येकाला स्वतः फोन करून कळवा, ज्यांचा काही उपयोग झाला नाही त्यांनाही. माझे ते फोन तीन रविवार चालले. त्यांत दोघांनी हळू आवाजात सांगितलं की तेही आता शोधात आहेत. त्यांची वाक्यं मी विचारून घेतली. वहीच्या पहिल्या पानावर आता तीच आहेत.